बेटाच्या धक्क्यावरचा अधिकार

फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटाच्या आग्नेय टोकासमोर आपो नावाचे एक लहानसे ज्वालामुखीजन्य बेट आहे. क्षेत्रफळ 74 हेक्टर, म्हणजे एक चौरस किलोमीटरही नाही. वस्ती हजाराच्या आसपास. 1982 मध्ये या बेटावरच्या काही मच्छीमार कुटुंबांनी ठरवले, की आपल्या किनाऱ्याचा सुमारे 450 मीटरचा पट्टा आणि त्यासमोरचा समुद्र यापुढे मासेमारीला बंद ठेवायचा. तिथे गळ टाकायचा नाही, जाळे लावायचे नाही, आणि बाहेरच्या कुणालाही तसे करू द्यायचे नाही. बेटाभोवतीच्या प्रवाळखडकांचा दहावा हिस्सा असा राखीव झाला. कुटुंबांनी पाळीपाळीने किनाऱ्यावर बसून त्यावर नजर ठेवली. त्याआधीच्या दशकात या समुद्राची दैना झाली होती. सुरुंगाने मासे मारले जात, सायनाइडने बेशुद्ध केले जात, आणि ‘मुरो-आमी’ नावाच्या पद्धतीत दोराला बांधलेल्या दगडांनी प्रवाळ ठोकून मासे हाकत जाळ्यात नेले जात. दुमागेते येथील सिलिमन विद्यापीठाचे आंजेल आल्काला आणि त्यांचे सहकारी बेटावर येऊन काही वर्षे लोकांशी बोलत राहिले. त्यांनी माहिती दिली, आकडे दाखवले, शंका ऐकल्या. पण निर्णय कुटुंबांनीच घेतला. लहान बेटांवरचा कचरा कमी करणे आणि प्रवाळखडक राखणे या दोन कामांचा एकत्र विचार करणाऱ्या पुस्तकाची सुरुवात मासेमारीबंदीच्या एका जुन्या निर्णयापासून करण्याला कारण आहे. बेटावरच्या लोकांनी एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हटले आणि ते टिकले, याचा इतका दीर्घकाळ मोजला गेलेला पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

हा पुरावा एकट्या आपोचा नाही. त्याच्या शेजारच्या सुमिलोनचाही आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावरच त्याचा अर्थ लागतो. सिबूच्या किनाऱ्यालगतच्या सुमिलोन बेटाभोवती 1974 मध्ये, म्हणजे आपोच्या आठ वर्षे आधी, अशीच मासेमारीबंदी झाली होती. ती याच विद्यापीठाच्या पुढाकाराने आणि नगरपालिकेच्या ठरावाने झाली. खडकाचा सुमारे चौथा हिस्सा राखीव होता, म्हणजे आपोपेक्षा मोठा. दहा वर्षे ती चालली आणि तिचे फळ दिसू लागले. मग स्थानिक सत्ता बदलली, संरक्षण ढासळले, 1984 मध्ये राखीव भागात पुन्हा मासेमारी सुरू झाली, आणि दोनच वर्षांत संपूर्ण बेटाभोवतीचे मासळीचे उत्पन्न जवळपास निम्म्यावर आले. जे मासे राखीव भागातून बाहेर पसरत होते त्यांचा उगमच आटला. आपोत मात्र गोष्ट उलट घडली. तिथल्या पकडीचा मोठा हिस्सा ज्या दोन कुळांतल्या माशांचा असतो, त्यांचे राखीव भागातले वजन 1983 ते 2001 या अठरा वर्षांत तिप्पट झाले. गळाने मासेमारी करणाऱ्याला तेवढ्याच वेळात मिळणारी पकड 1981–86 च्या तुलनेत 1998–2001 मध्ये दीडपट झाली, आणि गळाच्या मासेमारीला लागणारे एकूण श्रम 1986 पासून 46 टक्क्यांनी घटले. कमी राबून जास्त मासळी. दोन्हीकडचा समुद्र सारखा, शास्त्रज्ञ तेच, बंदीही तशीच. फरक होता तो बंदी कोणाची याचा. सुमिलोनची बंदी कागदावर नगरपालिकेची होती आणि मासे पकडायला येणारे लोक सिबूच्या किनाऱ्यावरून येत. ठराव मोडला तेव्हा तो आपला म्हणून वाचवायला कुणी उभे राहिले नाही. आपोची बंदी तिथेच राहणाऱ्यांची होती, आणि तिचा लाभही त्यांच्याच होड्यांत येत होता.

मात्र आपोची कथा सुखान्त म्हणून सांगून थांबणे योग्य नाही. 1994 मध्ये हे बेट राष्ट्रीय कायद्याखाली संरक्षित क्षेत्र झाले. वरवर पाहता हा गौरव होता. प्रत्यक्षात निर्णयाची जागा बेटावरून उठून एका व्यवस्थापन मंडळाकडे गेली, पर्यटकांकडून घेतले जाणारे शुल्क राष्ट्रीय निधीच्या वाटेने फिरून येऊ लागले, आणि स्थानिकांना आपल्याच समुद्राबाबतच्या चर्चेत कडेला बसावे लागले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या बदलाबद्दल ‘चुकीचे वळण तर नव्हे?’ असा प्रश्न शीर्षकातच विचारला आणि स्थानिकांच्या मनातला दुरावा नोंदवला. मला यातून निघणारे सूत्र असे दिसते: लोकसहभाग म्हणून ज्याचा उदो उदो होतो त्यात बहुतेक वेळा लोकांकडे काम असते, अधिकार नसतो. पहारा त्यांनी द्यायचा, किनारा त्यांनी झाडायचा, शपथ त्यांनी घ्यायची. पण बेटावर काय यावे, किती यावे, कुणी यावे हे ठरवणार दुसरेच. आपोत 1982 साली जे घडले ते याच्या उलट होते. तिथे लोकांनी आधी नकाराचा अधिकार वापरला आणि मग त्यासोबत येणारे काम आनंदाने उचलले. कचऱ्याच्या प्रश्नाला हे सूत्र लावून पाहिले, की लहान बेटांवरचे इतके चांगले, कळकळीचे प्रयत्न काही वर्षांत का विझतात ते समजू लागते.

पण कचऱ्याचा आणि प्रवाळाचा संबंध खरेच इतका घट्ट आहे का, असा प्रश्न वाचकाला पडेल, आणि तो पडायला हवा. किनाऱ्यावरची बाटली डोळ्यांना खुपते म्हणून ती खडकालाही मारते असे गृहीत धरता येत नाही. पुरावा काय सांगतो ते पाहू. 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आशिया-प्रशांत विभागातल्या 159 प्रवाळखडकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे सव्वा लाख प्रवाळ तपासले गेले होते. जिथे प्लास्टिक नव्हते तिथे प्रवाळाला रोग असण्याची शक्यता सुमारे 4 टक्के होती. जिथे प्लास्टिक अडकले होते तिथे ती 89 टक्के. प्लास्टिकचा तुकडा प्रवाळाला घासून जखम करतो, त्याचा प्रकाश अडवतो, त्याच्याखाली प्राणवायू कमी पडतो आणि त्याच्या पृष्ठभागावर बसून रोगजंतू दूरवर जातात. आणि हे सर्वांना सारखे होत नाही. फांद्याफांद्यांच्या, गुंतागुंतीच्या रचनेच्या प्रवाळांत प्लास्टिक अडकण्याचे प्रमाण इतरांच्या आठपट आढळले. हेच प्रवाळ लहान माशांना लपायला जागा देतात; म्हणजे नुकसान नेमके तिथे होते जिथे पुढच्या वर्षीची मासळी वाढत असते. सांडपाण्याची बाब याहून कमी दिसणारी आणि माझ्या मते याहून गंभीर आहे. प्रवाळ अन्नद्रव्यांनी दरिद्री, स्वच्छ पाण्यात जगायला घडलेले असतात. शोषखड्ड्यांतून झिरपणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खत म्हणून मिळते, आणि शेवाळ जागा बळकावते, पिल्लांना रुजू देत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एल्कहॉर्न प्रवाळांना झालेल्या पांढऱ्या चट्ट्यांच्या रोगामागचा जिवाणू माणसाच्या मैल्यातून आलेला असल्याचे संशोधकांनी 2011 पर्यंत सिद्ध केले. माणसाकडून समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्याला रोग गेल्याचे ते दुर्मीळ उदाहरण. तिसरा घटक टाकून दिलेल्या जाळ्यांचा. नायलॉनचे जाळे मालक सोडून गेल्यावरही वर्षानुवर्षे मासे, कासवे आणि प्रवाळाच्या फांद्या पकडत राहते. हे तिन्ही प्रकार एकत्र ठेवले, की बेटावरचा कचरा हा सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. खडक राखायचा आणि कचऱ्याकडे पाहायचे नाही, हे एकाच घराची पुढची बाजू शाकारून मागची उघडी टाकण्यासारखे आहे.

आता लहान बेटावर कचरा कसा वागतो ते पाहावे लागेल, कारण मुख्य भूमीवरचे शहाणपण तिथे अर्धेच चालते. लक्षद्वीपचे उदाहरण घेऊ. दहा वस्तीची बेटे, एकूण जमीन सुमारे 32 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेनुसार 64 हजारांवर लोकसंख्या. इथे गावाबाहेर कचराभूमी काढायला ‘गावाबाहेर’ नावाची जागाच नाही. वाळूत झिरपलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थराने तरंगते आणि विहिरींना तेच येते. त्यामुळे खड्ड्यात पुरलेले जे काही सडते, विरघळते, ते आधी विहिरीत आणि मग बेटालगतच्या उथळ लॅगूनमध्ये उतरते. जाळले तर धूर दोन घरे ओलांडून समुद्रावर. मालदीवने 1992 पासून राजधानी मालेजवळच्या थिलाफुशी या उथळ लॅगूनच्या जागी कचरा भरून अख्खे बेट उभे केले आणि कित्येक वर्षे तिथल्या उघड्या आगीचा धूर सोसला. एवढे करूनही दूरच्या बेटांचा प्रश्न बाकीच राहिला. होडी माल घेऊन येते आणि रिकामी परत जाते, ही लहान बेटांच्या कचऱ्याची मूळ गोष्ट आहे. तरीही यातला मोठा भाग बेटाच्या हातात असतो. फिलिपिन्समध्ये एकूण घनकचऱ्यापैकी निम्म्याहून थोडा अधिक कुजणारा असतो. तो वेगळा काढून माडाच्या बुंध्याशी, परसात, डुकरांना गेला, तर उरलेला कोरडा, हलका, साठवण्याजोगा होतो आणि होडीने परत पाठवता येतो. म्हणजे ओले-सुके वेगळे करण्याला शहरात जे महत्त्व आहे त्याच्या कितीतरी पट बेटावर आहे. फिलिपिन्सचा घनकचरा कायदा नेमका हेच सांगतो. 2000 च्या जुलैमध्ये मनिलाजवळच्या पायातास येथील कचऱ्याचा डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली, त्यानंतर काही महिन्यांत हा कायदा आला. वर्गीकरण आणि कुजणाऱ्या कचऱ्याची जबाबदारी त्याने बारांगायवर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत खालच्या पायरीवर टाकली. कायदा चांगला आहे. पण जबाबदारीच्या मानाने साधने आणि अधिकार त्या पायरीपर्यंत पोचलेले नाहीत.

इथे मासळी आणि कचरा यांतला एक मूलभूत फरक मान्य केला पाहिजे. त्याकडे डोळेझाक करून आपोचा धडा जसाच्या तसा लावला तर फसगत होते. राखीव पट्टा पाळणाऱ्याला आज ना उद्या मासळीच्या रूपाने परतफेड मिळते आणि ती त्याच्याच गळाला लागते. कचरा वेगळा करणाऱ्याला असे काही मिळत नाही. त्याचा लाभ विखुरलेला, उशिरा येणारा आणि शेजाऱ्याच्या बेफिकिरीने सहज पुसला जाणारा असतो. या अडचणीवर बोहोल बेटाच्या उत्तरेकडील दानाहोन बँक या दुहेरी प्रवाळखडकाच्या भागात 2012 पासून एक उपाय करून पाहिला गेला. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने आणि इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीने मिळून गावोगाव टाकाऊ जाळी विकत घेण्याची व्यवस्था उभी केली. जाळी धुऊन, वजन करून, गठ्ठे बांधून स्लोव्हेनियातल्या कारखान्यात जात आणि तिथे त्यांचा नवा नायलॉन होई. महत्त्वाचे हे, की जाळ्यांची विक्री गावच्या बचतगटांशी जोडलेली होती. ज्या घराला कधी बँकेने दारात उभे केले नव्हते त्याला हाताशी थोडी शिल्लक मिळाली, आणि पूर्वी वाळूत गाडली जाणारी जाळी किमतीची झाली. मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. पण त्याची मर्यादाही त्याच्याच रचनेत आहे: नायलॉनला बाजार आहे म्हणून तो चालतो. बेटावरच्या कचऱ्यातला सर्वांत चिवट प्रकार असा आहे ज्याला कुठेच बाजार नाही, आणि तो म्हणजे शाम्पू, कॉफी, साबणपूड, मसाला यांच्या लहान पुड्या.

या पुड्यांपाशी येऊन या चर्चेतला सर्वांत खरा आक्षेप उभा राहतो. 2019 च्या एका अहवालानुसार फिलिपिन्समध्ये दिवसाला सुमारे 16 कोटी 40 लाख पुड्या वापरल्या जातात. त्या कोण घेते? ज्याच्या खिशात आजच्यापुरते पैसे आहेत तो. थोडेथोडे विकत घेण्याची तिथली रीत ‘तिंगी’ नावाने ओळखली जाते आणि कोपऱ्यावरची ‘सारी-सारी’ म्हणवली जाणारी छोटी दुकाने तिच्यावरच चालतात. तेव्हा पुड्या बंद करा म्हणणे हा गरिबावर टाकलेला भार नाही का? आहे, जर बंदी तेवढ्यावरच थांबली तर. पण तिंगी पुड्यांच्या आधीपासून आहे. तेल, व्हिनेगर, मीठ दुकानदार मापाने देत आणि गिऱ्हाईक आपली बाटली घेऊन येई. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानातही सुटे तेल असेच मिळे. गरिबाची गरज थोड्या मालाची आहे, बहुस्तरीय प्लास्टिकची नाही. ती पुडी कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी आणली आणि तिची विल्हेवाट ज्याच्याकडे ना जागा ना यंत्र अशा बेटावर सोडून दिली. फिलिपिन्सने 2022 मध्ये उत्पादकांवर जबाबदारी टाकणारा कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या प्लास्टिक वेष्टनांपैकी 2023 अखेर 20 टक्के आणि 2028 पर्यंत 80 टक्के परत मिळवावे, अशी त्याची पायरी आहे. दिशा बरोबर आहे. पण टक्केवारी देशभराची असते. शहरात सहज मिळणारी वेष्टने गोळा करून उद्दिष्ट पुरे होऊ शकते आणि आपोसारख्या ठिकाणची एकही पुडी परत जाणार नाही. म्हणून मला वाटते, की बेटाच्या ग्रामसंस्थेला धक्क्यावर माल उतरतानाच अट घालण्याचा कायदेशीर अधिकार हवा: जे परत नेता येत नाही ते उतरवू नये, किंवा उतरवणाऱ्याने परत नेण्याचा खर्च आधी भरावा. हे अशक्य कोटीतले नाही. वानुआतूने 2018 च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलची अन्नपात्रे बंद केली, आणि मालदीवने 2021 पासून टप्प्याटप्प्याने अशीच यादी लागू केली. दोन्ही सार्वभौम देश असल्यामुळे त्यांना ‘नाही’ म्हणता आले. आपो हा एका देशातला बारांगाय आहे, लक्षद्वीपमधले अगत्ती हा एका केंद्रशासित प्रदेशातला भाग आहे. त्यांच्या हाती झाडू आहे, जकातनाका नाही.

दुसरा आक्षेप असा, की बेटावरचा बहुतेक कचरा बेटाचा नसतोच. लाटांनी आणलेल्या कचऱ्यासाठी बेटवासीयांना वेठीला का धरायचे? हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 41 कोटी 40 लाख तुकडे, 238 टन कचरा, असल्याचा अंदाज निघाला. त्यातला बहुतांश वाळूच्या पृष्ठभागाखाली होता आणि वस्ती अवघी सहाशेच्या आसपास. निर्मनुष्य हेंडरसन बेटावरही पावणेचार कोटी तुकडे आढळले आहेत. एवढ्या पसाऱ्याला किनारा स्वच्छता मोहीम पुरी पडणार नाही हे मान्य करायला हवे, आणि जगभरचा कचरा उपसण्याचे ओझे त्या सहाशे माणसांवर टाकणे अन्यायाचेच आहे. पण खडकाच्या दृष्टीने पाहिले तर वाहून आलेला आणि तिथेच निर्माण झालेला कचरा एकसारखा नाही. शोषखड्ड्याचे पाणी हजार किलोमीटरवरून येत नाही. खानावळीचे तेल, होडीचे इंजिन ऑइल, रिसॉर्टचे सांडपाणी, बांधकामाची माती, लॅगूनमध्ये सोडून दिलेले जाळे, हे सारे जवळचे आहे आणि प्रवाळाला सर्वांत जास्त बाधणाऱ्यांत मोडते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो खराच आहे. समुद्र तापतो आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्याची, अधिकृत घोषणा झाली. हवामानाच्या आंतरशासकीय मंडळाचा 2018 चा अंदाज असा, की दीड अंश तापमानवाढीत उष्णकटिबंधातले 70 ते 90 टक्के प्रवाळ जातील आणि दोन अंशांत जवळपास सगळेच. अशा वेळी पुड्या वेचून काय होणार? या प्रश्नाला गोड उत्तर देणारे लोक एक गैरसोयीचा निष्कर्ष वगळतात, तो मी वगळणार नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर झालेल्या विरंजनाच्या अभ्यासात आढळले, की पाण्याची स्वच्छता आणि मासेमारीवरची बंधने यांनी विरंजनाची तीव्रता जवळपास काहीच कमी केली नाही. निर्मळ उत्तरेकडचा खडकही भाजून निघाला. म्हणजे स्थानिक काळजी खडकाला उष्णतेपासून वाचवत नाही. मग ती काय करते? ती त्यानंतरच्या वर्षांत काम करते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किनाऱ्यापासून दूर असलेल्या स्कॉट रीफवर 1998 च्या विरंजनानंतर जिवंत प्रवाळ 9 टक्क्यांवर आले होते. बारा वर्षांत ते 44 टक्क्यांवर पोचले. तिथे बाहेरून पिल्ले येण्याची फारशी शक्यता नव्हती, पण सांडपाणी, गाळ आणि जादा मासेमारी यांचा जाचही नव्हता. 2021 मध्ये जगभरच्या 223 ठिकाणांच्या अभ्यासात दिसले, की जिथे आधीच शेवाळ माजले होते तिथे उष्णतेच्या लाटेनंतर प्रवाळ अधिक मेले. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 मध्ये मोठी विरंजने झाली. 1998 मध्ये सुमारे 37 टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन 2022 पर्यंत 19 टक्क्यांवर आले. तरीही प्रत्येक आघातानंतर तिथे काही ना काही सावरले गेले, आणि त्याचे श्रेय अनेक अभ्यासक तिथल्या कुपा मासेमारीला देतात: मिनिकॉयची काठी-गळाची पद्धत 1960 च्या दशकापासून इतर बेटांवर पसरली, मच्छीमार खुल्या समुद्राकडे वळले आणि शेवाळ खाणारे मासे खडकावर शिल्लक राहिले. दोन विरंजनांमधला काळ आता आखडत चालला आहे. त्यामुळे त्या थोड्या वर्षांत खडक किती वेगाने सावरतो याला पूर्वीपेक्षा अधिक किंमत आली आहे. कर्बउत्सर्ग थांबल्याशिवाय हा खेळ जिंकता येणार नाही. पण तो थांबेपर्यंत काही शिल्लक उरेल की नाही, हे बऱ्याच अंशी बेटाच्या शोषखड्ड्यांवर आणि होड्यांवर ठरणार आहे. आपोनेही हे अनुभवले आहे. 2011 आणि 2012 च्या डिसेंबरांत आलेल्या दोन वादळांनी राखीव पट्ट्यातले प्रवाळ मोडून टाकले, आणि खडक पुन्हा उभा राहावा म्हणून तो भाग पाहुण्यांना बंद ठेवला गेला. तीस वर्षे नकार देण्याची सवय असलेल्या गावालाच हे जमते.

गावाला अधिकार द्या म्हटले की लगेच विचारले जाते, गाव म्हणजे कोण? गावातही जमीनदार असतात, रिसॉर्टमालक असतात, पुढाऱ्यांचे नातलग असतात. बंदी झाली की सर्वांत आधी मासेमारी थांबते ती ज्याच्याकडे इंजिनाची होडी नाही त्याची, आणि किनारा झाडायला पाठवल्या जातात त्या बायका. हा आक्षेप नाकारता येत नाही, आणि त्यावर एकच मार्ग मला दिसतो: निर्णय उघड्या सभेत व्हावा, आणि शुल्काचा हिशेब बेटावरच मांडला जावा. वरून केलेले संरक्षण याहून न्याय्य असते, असे मात्र अनुभव सांगत नाही. आपल्या मालवणचेच पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, जिथे पोवळ्यांचे खडक आहेत, तिथे 1987 मध्ये सुमारे 29 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांचा त्याला विरोध झाला, आणि इतक्या वर्षांत तो पुरता मावळलेला नाही. एवढ्यावरून कोकणातल्या मच्छीमाराला समुद्राची पर्वा नाही, असा निष्कर्ष काढणारे लोक एक गोष्ट विसरतात. याच किनाऱ्यावरच्या रापणकर आणि गिलनेटवाल्या पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, आणि 2016 मध्ये राज्य सरकारला त्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. मासळीचा नाश थांबवा म्हणणारे हेच लोक अभयारण्याला नको म्हणत होते, कारण एका ठिकाणी नकार त्यांचा होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो त्यांच्यावर लादलेला होता. लक्षद्वीपला तर विधानसभाही नाही. 2021 च्या मे महिन्यात शिक्षण, आरोग्य, शेती, मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन या विषयांतले जिल्हा पंचायतीचे अधिकार प्रशासनाने परत घेतले. ज्या द्वीपसमूहाच्या खडकांना आज सर्वांत जास्त जपण्याची गरज आहे, तिथल्या लोकांच्या हातून निर्णय दूर जात आहेत, हे मला फार अस्वस्थ करते.

या पुस्तकाच्या मराठी वाचकांपैकी अनेकजण मालवणला, अंदमानला जातात, आणि 2024 पासून लक्षद्वीपला जाण्याची ओढही वाढली आहे. त्यांनी आपली बाटली परत आणावी, हे मी सांगायला नको. माझी विनंती त्यापुढची आहे. एखाद्या लहान बेटावर नवी हॉटेले, नवी जेटी, नवी बोटसेवा यांची योजना जाहीर झाली, की त्या योजनेत तीन गोष्टी लिहिल्या आहेत का ते विचारा: सांडपाणी कुठे जाणार, रिकामी परतणारी बोट कचरा नेणार का आणि त्याचे पैसे कोण भरणार, आणि पाहुण्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला आहे का. हरकती नोंदवण्याची मुदत असते, ग्राहक म्हणून पत्र लिहिता येते, लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारता येतो. बेटावरच्या थोड्या लोकांनी विचारलेला प्रश्न दिल्ली-मुंबईत सहज दुर्लक्षिला जातो. तोच प्रश्न मुख्य भूमीवरच्या हजारो प्रवाशांनी विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागेल.